बुजवलेली भोकं

फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत मिस्त्रीण जुने कॅमेरे दुरुस्त करायची. हे नाव तिला नवऱ्याने दिलं होतं. लग्नानंतर लगेचच त्याचं अडकलेलं शटर तिने भुवया कोरायच्या चिमट्याने चालू करून दिलं, तेव्हापासून. पुढे गिऱ्हाइकंही तेच म्हणायला लागली. पुढची खोली नवऱ्याची. तिथे करडा पडदा, उंच स्टूल, दोन दिवे आणि गिऱ्हाइकाला हसवायचे त्याचे ठरलेले विनोद. मागची खोली तिची. तिथे टेबल, भिंग, स्क्रूंच्या डब्या आणि स्पिरिटची बाटली. दोन्हींच्या मधे बिनखिडकीची एक अडगळीची खोली होती. तिथे ती रोल धुवायची. राहायचं घर मागच्या खोलीला लागूनच.

कॅमेऱ्यांच्या पोटात काय काय निघतं ते बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही. झुरळांची अंडी, बुरशी, कुजलेला फोम, एकदा तर पालीचं वाळलेलं पिल्लू. मिस्त्रीण ते चिमट्याने उचलून टाकायची, हात धुवायची आणि त्याच टेबलावर ताट घेऊन जेवायला बसायची. नवऱ्याला ते बघवायचं नाही.

"तुला शिसारी कशी येत नाही गं?" तो विचारायचा.

"तुमच्यासारखी नाजूक असते तर धंदा कोणी केला असता?"

त्यामुळे त्या कॅमेऱ्याला पहिल्यांदा हात लावताच तिच्या तोंडाला पाणी सुटलं, उलटी व्हायच्या आधी सुटतं तसं, तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं.

कॅमेरा आणला होता नणंदेने. ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. आली की आधी पंखा मोठा करणार आणि मग बसणार. त्या दुपारीही तसंच झालं. पिशवीतून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली काळी चपटी वस्तू काढली आणि टेबलावर ठेवली.

"आमच्या सासऱ्यांचा. माळ्यावर सापडला. दिसतो कसा राजबिंडा, बघ. चालू करून दे, वहिनी. यांच्या निवृत्तीच्या दिवशी सगळ्या घराचा फोटो यावरच काढायचाय."

"इतकी वर्षं कोणी वापरला नाही?"

"सासूबाई हात लावू देत नव्हत्या. आता त्या राहतात धाकट्या नणंदेकडे. परवा फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, वापरायचा तर वापरा, पण भाता बुजवू नका. आता भोकं न बुजवता फोटो कसा येणार? वय झालं, काहीही बोलतात."

घडीचा कॅमेरा होता. कळ दाबली की पुढचं झाकण खाली पडायचं आणि भिंग रुळावरून बाहेर यायचं; भिंगापासून मागच्या पेटीपर्यंत चामड्याचा घड्याघड्यांचा भाता पसरायचा. मागच्या दारात लाल काचेची बारकी खिडकी होती. रोलच्या पाठीला लावलेल्या कागदावर आकडे छापलेले असतात. बाजूची किल्ली फिरवत राहायचं, खिडकीत पुढचा आकडा आला की थांबायचं, फोटो काढायचा. सगळं साधं. असे कॅमेरे तिच्या हाताखालून किती गेले असतील त्याला गणती नव्हती, आणि प्रत्येकाचं दुखणं एकच. घड्यांच्या कोपऱ्यांवर चामडं फाटतं, उजेड आत गळतो, आणि फोटोवर पांढरे डाग पडतात.

याचं चामडं मात्र वेगळं होतं. जुनं चामडं कडक होतं, त्याचे पापुद्रे निघतात. हे मऊ होतं आणि जरासं चिकट. बोट लावलं की बोटाबरोबर थोडं वर उचललं जायचं आणि मग सुटायचं. तिने कापसाला स्पिरिट लावून एक घडी पुसली. कापसावर पिवळट मळ आला, कानातून निघतो तसा. वासही आला. लहानपणी तिच्या भावाचा हात मोडला होता आणि पुष्कळ दिवसांनी त्याचं प्लास्टर कापलं, तेव्हा आतल्या कातडीला असाच वास होता, आंबूस आणि कोमट.

तिने कापूस टाकला, हात धुतले आणि मग पुन्हा एकदा धुतले.

अडगळीच्या खोलीत जाऊन तिने भात्याच्या आत बारका दिवा सरकवला आणि दार लावलं. चामडं भोकांनी भरलं होतं. प्रत्येक कोपऱ्यावर उजेडाचा एक टिपका, कुठे दोन. नेहमीचंच दृश्य, तरी तिला एक गोष्ट खटकली. फाटलेल्या चामड्याच्या भोकाची कड दातेरी असते. ही सगळी भोकं गोल होती. कोणीतरी सुईने, एकेक करून, नेमाने पाडावीत तशी.

तिने त्यावर फार विचार केला नाही. पातळ काळं कापड कापून त्याचे तुकडे आतून चिकटवले, वरून काळ्या रबराचा हात दिला आणि वाळल्यावर पुन्हा दिवा लावून पाहिला. मिट्ट अंधार. एक टिपकाही नाही.

"या स्टुलावर बसा," तिने दुसऱ्या दिवशी नवऱ्याला सांगितलं. "रोल टाकलाय. तुमचेच फोटो काढून बघते."

"माझं तोंड फुकट मिळतं म्हणून किती वापरशील?" म्हणत तो बसला.

किल्ली जड फिरत होती. जुन्या कॅमेऱ्याची फिरते तशी कोरडी आणि कुरकुरत नव्हे. पहिल्यांदा ओढ लागायची, मग काहीतरी ताणल्यासारखं व्हायचं आणि एकदम सैल पडायचं. हाडाला चिकटलेला मांसाचा तुकडा ओढून काढताना हाताला लागतं तसं. तिने तोंड वाकडं केलं, पण रोल संपवला. नवऱ्याला कधी डावीकडे बसवला, कधी उजवीकडे, एकदा दाराशी उभा केला, एकदा कॅमेरा आडवा धरला. वेगवेगळे फोटो असले की गळती कुठे आहे ते कळतं.

फोटो धुऊन ती खिडकीशी घेऊन गेली. डाग होता. नवऱ्याच्या डाव्या कानाखाली, मानेवर, पांढरा, लांबट, कडेने विरत गेलेला.

पुढच्या फोटोतही तिथेच. त्याच्या पुढच्याही.

मिस्त्रीण खुर्ची ओढून बसली. भोक कॅमेऱ्याला असतं, म्हणून गळतीचा डाग फोटोच्या एकाच जागी पडतो. डावीकडे वर पडला तर प्रत्येक फोटोत डावीकडे वर, मग समोर माणूस असो की भिंत. इथे नवरा डावीकडे होता तेव्हा डाग डावीकडे होता. उजवीकडे गेला तेव्हा डाग उजवीकडे. दाराशी लांब उभा होता तेव्हा डागही त्या मानाने लहान झाला होता. कॅमेरा आडवा केला, तरी डाग मानेवरच.

"काय झालं?" नवऱ्याने दारातून विचारलं.

"काही नाही. खिडकीची तिरीप आली असेल मानेवर."

"प्रत्येक वेळी?"

तिरीप नव्हती, हे तिला माहीत होतं. त्या दिवशी ढग होते.

तिने भाता उघडून पुन्हा आतून पाहिला. ठिगळं सापडेनात. भिंग लावलं, बोट फिरवलं, तरी कापडाची कड कुठे लागेना. चामडं सगळीकडे सारखं झालं होतं, मऊ, थोडं फुगीर, आणि भिंगाखाली त्यावर बारीक रंध्रं दिसत होती. एका घडीच्या टोकाला तिला लव दिसली. कोवळी, फिकी, ओली. तिने भिंग खाली ठेवलं आणि मोरीत जाऊन सकाळचा चहा ओकून टाकला.

त्याच आठवड्यात नवरा मान खाजवायला लागला. कॉलर टोचते म्हणाला. डाव्या कानाखाली चट्टा उठला होता आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढी भोकं. त्यांतून चिकट पाणी यायचं. त्वचेच्या डॉक्टरांनी दुरूनच पाहिलं, घामाने होतं म्हणाले, मलम दिलं.

"मलम लावताना तरी तोंड नीट ठेव," नवरा आरशातून तिला म्हणाला. "नाहीतर मला वाटायचं मी मेलेला उंदीर आहे."

ती हसली. पण बोट चट्ट्यावरून फिरवताना कातडी बोटाबरोबर थोडी वर आली आणि मग सुटली, आणि तिने हात मागे घेतला. ज्या माणसाचं उष्टं ती बिनदिक्कत खात आली होती, त्याच्या मानेची तिला किळस आली होती, आणि याची तिला लाज वाटत होती.

शनिवारी कपडे भिजवायला घेतले तेव्हा त्याच्या शर्टाच्या कॉलरवर तपकिरी डाग होता. तिने तो नाकाशी नेला. प्लास्टरखालच्या कातडीचा वास. आंबूस आणि कोमट.

तिने शर्ट बादलीत टाकला. मग स्वतःला म्हणाली, वेड्यासारखं करू नकोस. एक रोल टाक, समोर माणूस ठेवू नकोस, बघ काय येतं ते.

दुपारी नवरा जेवून पुढच्या खोलीत आरामखुर्चीत पडला होता. मिस्त्रिणीने मागच्या खोलीत रोल टाकला. भिंतीचा फोटो काढला, टेबलाचा, खिडकीचा, बादलीचा. किल्ली तशीच, ताणून सैल पडत होती. शेवटचा फोटो झाला. आता किल्ली थोडी फिरवायची, कागद संपतो, ओढ जाते आणि किल्ली हलकी होऊन नुसती फिरते. मग दार उघडायचं.

ती फिरवत राहिली. ओढ जाईना.

कागद संपल्याचं खिडकीत दिसलं. शेवटची काळी पट्टी सरकून गेली. तिथे आता नुसता अंधार दिसायला हवा होता.

लाल काचेमागे काहीतरी सरकत होतं. ओलसर. सुरकुतलेलं. त्यावर रंध्रं होती.

तिने किल्ली आणखी थोडी फिरवली. का फिरवली ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही.

"आई गं," पुढच्या खोलीतून नवरा झोपेत कण्हला.

ती थांबली. मग अगदी केसभर फिरवली.

"अगं, ऐकतेस का? मानेला काहीतरी ओढतंय गं."

तिने किल्ली सोडली. किल्ली आपली आपण उलटी फिरली, सावकाश, आणि खिडकीतलं ते ओलं कातडं मागे सरकलं.

पुढे जाऊन तिने पाहिलं तेव्हा नवरा खुर्चीत उठून बसला होता. चट्टा खांद्यापर्यंत उतरला होता. त्याच्या कडेने कातडीला घड्या पडल्या होत्या, एकासारखी एक, इस्त्री केल्यासारख्या सरळ.

"झोपेत मान अवघडली वाटतं," तो म्हणाला. या वेळी त्याने विनोद केला नाही.

ताईंच्या सासूबाई धाकट्या लेकीकडे वरच्या मजल्यावर राहत होत्या. मिस्त्रीण तडक निघाली आणि जिने चढून गेली, तेव्हा त्या खिडकीशी बसून मटार सोलत होत्या. लेक कामावर गेली होती. मिस्त्रिणीने आपण कोण ते सांगितलं आणि कॅमेऱ्याचं नाव काढलं. म्हातारीचे हात थांबले.

"भोकं बुजवलीस का?"

"हो, काकू."

"कोण आहे घरात?"

"आमचे हे."

म्हातारीने एक शेंग उचलली, सोलली नाही, नुसती बोटांत फिरवत राहिली. "माझ्या मालकांनी दोनदा बुजवली होती. फार हौस त्यांना. पहिल्यांदा बुजवली तेव्हा घरात कुत्रा होता."

मिस्त्रीण जवळ सरकली.

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदाचं राहू दे."

"काकू, आहे काय ते?"

"मला काय माहीत बाई? कॅमेरा आहे. दुकानातून आणलेला. भोकं असली की उजेडावर भागतं त्याचं, एवढं माझ्या लक्षात आलं. म्हणून मी पाडून ठेवली होती." तिने मटारचं ताट बाजूला सारलं. "घरी जा. जाड सुई घे. आणि घाण वाटली म्हणून मधेच सोडू नकोस. मी एकदा मधेच सोडलं होतं."

मिस्त्रीण घरी आली तेव्हा दुपार पुरती कलली नव्हती. नवरा आतल्या पलंगावर कुशीवर पडला होता, मानेवर ओलं फडकं ठेवून. तिने मागच्या खोलीचं दार लावलं, कॅमेरा उघडला आणि गोधडी शिवायची सुई घेतली.

पहिल्या कोपऱ्यावर सुई टेकवली. चामडं आत दबलं. जोर दिला, तेव्हा ते तुटलं. आवाज झाला नाही, पण सुटल्याचं बोटांना कळलं. इंजेक्शन देताना नर्सला कळत असेल तसं.

सुई बाहेर काढली. भोकावर पाण्याचा थेंब आला, फुगला आणि घडीवरून ओघळून तिच्या अंगठ्यावर आला. कोमट होता.

तिने ओकारी गिळली आणि दुसरं भोक पाडलं.

वास खोलीभर झाला. ती तोंडाने श्वास घेऊ लागली, तर तो जिभेवर लागायला लागला. आंबट, खारट. घड्या बोटांखाली आकसत होत्या, गोगलगायीला काडी लावली की ती आकसते तशा.

आतून नवरा कण्हला. ती थांबली नाही.

एका घडीच्या पोटात सुई अडकली. ओढली तर येईना. काहीतरी तिला धरून होतं.

तिने दुसऱ्या हाताने भाता दाबून धरला आणि सुई हिसडून काढली.

थेंब आता पांढरट येत होते.

ती रडत होती, नाक गळत होतं, पुसायला हात मोकळा नव्हता.

शेवटचा कोपरा झाला. चामडं कोरडं पडत चाललं होतं. तिच्या देखत ते कडक झालं, त्याचा रंग उडाला, आणि ते जुन्या कॅमेऱ्याच्या साध्या जुन्या भात्यासारखं दिसायला लागलं.

तिने मागचं दार उघडलं. रोल नीट गुंडाळलेला होता, फक्त दमट. तिने तो उलगडला. कागद संपत होता तिथे, कागदाच्या शेवटाला लागून, एक लांबच लांब पातळ पापुद्रा गुंडाळला गेला होता. उन्हात भाजल्यावर पाठीची कातडी निघते तसा, अर्धवट आरपार दिसणारा. त्यावर बारीक काळे केस होते, काही पांढरे. तिने तो कागदासकट चिमट्याने उचलला, लोखंडी बादलीत टाकला, स्पिरिट ओतलं आणि काडी लावली. मग ती जमिनीवर बसून राहिली.

"काय जळतंय?" नवरा दारातून विचारत होता. त्याच्या हातात ते फडकं होतं. "कसला घाणेरडा वास आहे. मला मात्र जरा बरं वाटतंय बघ. खाज थांबली."

त्याला तिने काय काय सांगितलं आणि काय गाळलं, ते त्या दोघांनाच माहीत. ताईंना मात्र तिने फोन करून एवढंच सांगितलं, की भाता कामातून गेलाय, दुरुस्त होणार नाही, आणि दुसऱ्या कुणाकडेही देऊ नका. ताई चिडल्या. "एवढं नाव तुझं, आणि साधी भोकं बुजवता येत नाहीत?" म्हणाल्या. कॅमेरा ती स्वतः वरच्या मजल्यावर म्हातारीला नेऊन देऊन आली. म्हातारीने तो उघडला, भाता उजेडाकडे धरून एकेक कोपरा पाहिला, आणि खिडकीच्या कट्ट्यावर उघडाच ठेवला. मिस्त्रिणीला चहा विचारला. ती थांबली नाही.

चट्टा उतरत गेला. भोकं मिटली, पाणी यायचं थांबलं. घड्या राहिल्या, मानेपासून खांद्यापर्यंत, सारख्या अंतरावर. त्वचेच्या डॉक्टरांनी त्या लांबूनच पाहिल्या आणि वय झालं की पडतात म्हणाले. नवरा पुन्हा गिऱ्हाइकांना हसवायला लागला. मिस्त्रीणही हळूहळू त्याच्या शेजारी झोपायला लागली, आधी पाठ करून, मग तशीच. घडीचे कॅमेरे मात्र तिने घ्यायचे बंद केले. गिऱ्हाइकाने दाखवला की चामडं मिळत नाही म्हणायची आणि हात पाठीमागे घ्यायची.

एक नवीन सवय मात्र त्याला लागली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो आरामखुर्ची खिडकीपाशी ओढायचा, शर्टाची वरची बटणं काढायचा, कॉलर डावीकडून खाली सारायचा आणि ऊन मानेवर घेत बसायचा. ऊन सरकलं की खुर्ची सरकवायचा.

"शेक बसतो. बरं वाटतं," तो म्हणायचा.

पावसाळी दिवस गेले, आभाळ स्वच्छ झालं, तेव्हा एकदा ऊन फार चढलं म्हणून मिस्त्रिणीने पुढे येऊन पडदा ओढला. खोलीत सावली झाली. नवरा मोबाईलवर काहीतरी वाचत होता, त्याने मान वर केली नाही. ती त्याच्या मागे उभी होती. कानाखालच्या त्या घड्या आधी थोड्या ताणल्या गेल्या, खिडकीच्या बाजूला. मग जवळ आल्या. मग पुन्हा ताणल्या गेल्या. नवरा अंगठ्याने पान पुढे सरकवत होता.

मिस्त्रिणीने पडदा परत उघडला. ऊन त्याच्या मानेवर पडलं. तिथली कातडी एकदा हलली, पाणी पिताना घसा हलतो तशी, आणि मग पुन्हा एकदा.